मॉस, नग एक

फिशटँक माझ्या हातून फुटला, हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्या घरात ही हकिगत कोणीही सांगायला घेतली की सुरुवात तिथूनच करतं. म्हटलं, निदान एकदा तरी ती आपण आपल्या तोंडाने करावी.

टँक सासऱ्यांचा. त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांच्या बाकाशेजारी बावीस वर्षं तो टँक होता. डोळे थकले, म्हणून नानांनी दुकान बंद केलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. टँक जिन्यावरून वर न्यायचा होता. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, दोघं धरू या." मी म्हणालो, "काही गरज नाही." तिसऱ्या पायरीवर माझं मत बदललं, पण तोवर उशीर झाला होता.

मासे वाचले, कारण ते आधीच पिशवीत होते. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपल्या दवाखान्यातल्या टँकमध्ये पाहुणे म्हणून ठेवून घेतलं. काचांमधून नानांनी एकच वस्तू वाकून उचलली. मुठीएवढा एक दगड, आणि त्याच्यावर आकाशी दोऱ्याने बांधलेलं हिरवंगार मॉस, पाण्यात वाढणारी शेवाळासारखी मऊ वनस्पती. तो दोरा सासूबाईंनी आपल्या शिवणाच्या डब्यातून काढून बांधला होता. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. नाना मला एका शब्दाने बोलले नाहीत. "असू दे, असू दे," असं दोनदा म्हणाले आणि दगड घेऊन जिना चढले. मला इतकी लाज वाटली की उरलेलं सगळं सामान मी टेम्पोवाल्यालाच वर नेऊ दिलं.

रागावले असते तर एक वेळ परवडलं असतं. नानांनी वेगळंच सुरू केलं. माझ्या हातात काहीही फुटण्यासारखं दिसलं की ते हळूच उठायचे आणि म्हणायचे, "द्या जावईबापू, मी धरतो." पाण्याचा ग्लास, आरसा, बरणी, काहीही. सकाळी बायको चहाचे दोन कप माझ्या हातात द्यायची, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडायच्या आत ते दोन्ही नानांच्या हातात गेलेले असायचे. मोतीबिंदू झालेले सासरे दोन कप सांभाळत पुढे आणि ऑफिसात बत्तीस माणसांवर देखरेख करणारा जावई रिकाम्या हातांनी मागे, अशी आमची मिरवणूक रोज बाल्कनीपर्यंत जात असे.

मॉस तात्पुरतं बादलीतल्या पाण्यात ठेवलं होतं. बादली बाल्कनीत. दिवस उकाड्याचे. चार दिवसांत पाणी अंघोळीला चालेल इतकं कोमट झालं, त्याला वास आला आणि निम्मं मॉस कुजून गेलं. आम्ही टँकवाल्याकडे धावलो. नवा टँक तोच बनवणार होता, आणि काच कापणारा माणूस गावाला गेल्यामुळे त्याला दोन महिने लागणार होते.

"पाण्यात ठेवताच कशाला?" टँकवाला म्हणाला. "बाहेर वाढवा."

"पाण्यातलं मॉस? बाहेर?"

"अहो, बाहेर हवा भरपूर, उजेड भरपूर. कात्रीने बारीक कापा, ट्रेमध्ये ओल्या मातीवर पसरा, वर प्लॅस्टिक ताणून लावा आणि रोज फवारा मारा. पाण्यात वाढेल त्याहून जोरात वाढतं. फक्त तापमान सांभाळायचं. बावीसच्या आसपास एकदम खूश. अठ्ठावीसच्या वर गेलं की रुसतं, बुरशी धरते. बत्तीसला तपकिरी पडलंच म्हणून समजा. आणि पंधराच्या खाली गेलं तर मरत नाही, पण वाढतही नाही. नुसतं जागेवर बसून राहतं."

"आमच्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

नाना मात्र बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलले. "लंबकाचं असंच असतं. उष्णतेने लांबतो, मग घड्याळ मागे पडतं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण ते सांभाळायला माणूस हलक्या हाताचा लागतो."

झालं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की हे मॉस मी वाढवणार. नवा टँक येईल तेव्हा दगडभर हिरवंगार मॉस नानांच्या हातात देईन, नाही तर नाव लावणार नाही. घरी आल्यावर नानांनी थोडा विचार करून कात्रीने मॉस सोडवलं आणि मला दिलं. "दगड माझ्याकडे राहू द्या," असं म्हणून त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मॉस भरलं साठ ग्रॅम.

पहिली अडचण तापमान मोजायची. घरात तापाचा थर्मामीटर होता. तो मी प्लॅस्टिकखाली सरकवला आणि दर दहा मिनिटांनी पाहू लागलो. मॉसला ताप नव्हता, यापलीकडे त्यातून काही कळेना. बायकोने हे पाहिलं.

"तो तोंडात धरायचा आहे!"

"धुऊन ठेवीन की."

"मातीत खुपसलेला थर्मामीटर मी तोंडात धरणार नाही. आधीच सांगून ठेवते."

शेवटी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका मदतीला आल्या. त्यांना सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणते आणि त्यांच्यासमोर आपोआप ताठ उभी राहते. त्यांनी भिंतीवर लावायचा एक थर्मामीटर दिला. त्याच्यावर पोपटाचं चित्र होतं. तेव्हापासून आमच्या घरात कोणी तापमान विचारत नसे, पोपट काय म्हणतो असं विचारत. खिडकीत पोपट म्हणाला तेहतीस. दोन दिवसांत ट्रेच्या कडा तपकिरी झाल्या.

"आयुष्यभर मी शाळेच्या भिंतींवरचं शेवाळ खरवडून घेतलं," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मुद्दाम लावताय!"

"हे शेवाळ नाही. मॉस आहे," नाना आतून म्हणाले. बाईंनी चक्क मान डोलावली.

मग आमची शोधमोहीम सुरू झाली. पलंगाखाली पोपट म्हणाला एकोणतीस. न्हाणीघरात पंचवीस, ते मला पसंत पडलं, पण सकाळी गरम पाण्याची वाफ झाली की तो एकदम तिशीच्या पुढे उडे. मी कुटुंबाला गार पाण्याच्या अंघोळीचे फायदे समजावून सांगितले. कुटुंबाने चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी बायको शिंकत बाहेर आली, तिने कपाळाला हात लावला आणि थर्मामीटर मागितला. मी तो धुऊन दिला. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ट्रे मी स्वतःच बाहेर काढला. तोवर मॉसवर बुरशीचे पांढरे धागे दिसू लागले होते. ते नानांनी घड्याळाच्या चिमट्याने एकेक करून वेचले. मला चिमटा दिला नाही.

फ्रीजची कल्पना बाईंची. तिथे पोपट पाच दाखवून गारठला. मॉस हिरवं राहिलं, कुठे हललं मात्र नाही. आठवडाभराने नानांनी डोळ्याला भिंग लावून ट्रे तपासला. घड्याळजींचं ते काळं नळीदार भिंग. दुकान बंद झाल्यापासून ते पहिल्यांदाच डब्यातून बाहेर आलं होतं.

"बंद नाही पडलेलं," नाना म्हणाले. "किल्ली संपलीय." मग भिंग ट्रेच्या एका कोपऱ्यावर स्थिरावलं. "आणि इथलं थोडं कमी झालंय."

इथे मला आणखी एक कबुली द्यावी लागेल. आदल्या दिवशी ऑफिसला जायच्या घाईत मी फ्रीजमधून हाताला लागेल ते हिरवं काढून ब्रेडमध्ये घालून खाल्लं होतं. चवीला फारसं वाईट नव्हतं. फवारा जास्त झाला होता एवढंच.

त्या प्रसंगानंतर मी ठरवलं की घर ही मॉस वाढवायची जागा नाही. माझ्या माहितीत बावीस अंशांची एकच खोली होती. ती आमच्या ऑफिसातली यंत्रखोली. तिथे कपाटाएवढी संगणकाची यंत्रं घुमत असतात आणि त्यांच्यासाठी एसी अष्टौप्रहर चालू असतो. माणसांच्या खोलीत पंखासुद्धा कुरकुरत फिरतो, पण यंत्रांना बावीसच्या वर सहन होत नाही. मॉससारखीच त्यांची प्रकृती नाजूक.

अडचण अशी की यंत्रखोलीच्या दारावर एक सूचना आहे. 'या खोलीत कोणतीही खाजगी वस्तू ठेवण्यास सक्त मनाई आहे.' खाली तीन पोटकलमं आणि सही. सही माझी. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी आत चॉकलेटं ठेवली होती, तेव्हा ती सूचना मी स्वतः बसून लिहिली होती. भाषा इतकी बंदिस्त होती की साहेबांनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं. आता तिच्यात फट शोधायला मी अर्धा तास दारासमोर उभा राहिलो, पण मी माझं काम फार चोख केलेलं होतं.

दुसरा असता तर त्याने ट्रे गुपचूप आत सरकवला असता. पण स्वतःच्या सहीखालून चोरासारखं जाणं मला जमेना. मी नियमातला मार्ग काढला. खाजगी वस्तू चालत नाही ना? मग ती ऑफिसची करून टाकायची. ट्रे घेऊन मी भांडारपालांकडे गेलो. हे गृहस्थ ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलांपासून टाचणीपर्यंत सगळ्याचा हिशेब ठेवतात. वस्तू आत घ्यायला त्यांना एक सही पुरते. बाहेर द्यायची म्हटली की ते नोंदवही छातीशी धरतात.

त्यांनी जडवस्तू संग्रह नोंदवही उघडली.

"जडवस्तू?" मी म्हणालो. "हे जिवंत आहे हो. सजीवांची वेगळी नोंदवही नाही का?"

"आपल्या ऑफिसात सजीव असं काही नाही," ते शांतपणे म्हणाले. "वजन?"

"साठ ग्रॅम." ब्रेडमध्ये गेलेलं मी धरलं नव्हतं, पण तेवढं फवाऱ्याने भरून आलं असेल असं समजलो.

'ट्रे, मॉससह, नग एक. मॉसचे वजन साठ ग्रॅम.' अशी नोंद झाली, मी सही केली आणि ट्रेच्या कडेवर पांढऱ्या रंगाने ४१७ हा आकडा पडला. ट्रे बायकोचा केकचा होता. हे मी तिला सांगायचं पुढे ढकललं.

आणि मग सांगू काय, मॉसने अंग धरलं! आठवडाभरात कात्रीच्या प्रत्येक तुकड्यातून फिकट पोपटी कोंब वर आले. दुसऱ्या आठवड्यात माती दिसेनाशी झाली. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन प्लॅस्टिक उचलायचो, फवारा मारायचो आणि उगीचच पाच मिनिटं तिथे उभा राहायचो. इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. घरी आलो की नाना दारातच विचारायचे, "आज किती?"

"बावीस."

"कमी-जास्त?"

"दुपारी अर्धा अंश जास्त."

"दार उघडं राहिलं असेल कुणाचं," असं म्हणत ते दुकानाच्या जुन्या वहीत लिहून ठेवायचे. हळूहळू ते ऑफिसातल्या इतर गोष्टी विचारू लागले, साहेब कसे आहेत, भिंतीवर घड्याळ कुठलं आहे. जेवताना दोन घास जास्त जाऊ लागले. बायको मला म्हणाली, "नाना परत नानांसारखे दिसायला लागलेत." चहाचा कप मात्र अजून माझ्या हातातून जातच होता.

एके दिवशी दुपारी वीज गेली. एसी बंद. पोपट, जो आता यंत्रखोलीत माझ्या देखरेखीखाली होता, चोवीस म्हणाला, मग सव्वीस. माझ्या हाताला एक फाइल लागली. तिच्यावर 'अति तातडीचे' असं लिहिलेलं होतं, म्हणून मी तिचा तातडीने उपयोग केला आणि ट्रेला वारा घालू लागलो. मागे साहेब उभे होते.

"काय चाललंय हे?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी ट्रे पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. चष्मा काढून ते खाली वाकले. "काय सुंदर आहे हो हे! आपलं आहे?"

नोंदवहीप्रमाणे ते ऑफिसचं, म्हणजे त्यांचंच होतं. मी होकारार्थी मान हलवली. तिथेच चुकलो.

पुढच्या आठवड्यात टँकवाल्याचा फोन आला, टँक तयार, शनिवारी पोचवतो. मी उड्या मारत भांडारपालांकडे गेलो आणि म्हणालो, "चारशे सतरा घेऊन जातो."

त्यांनी नोंदवही छातीशी धरली. "असं कसं? सात वर्षं झाली पाहिजेत. नाही तर वस्तू निरुपयोगी झाल्याचा समितीचा दाखला पाहिजे."

समितीत तिघं होते. अध्यक्ष साहेब, सदस्य भांडारपाल, सचिव मी. मी छातीवर दगड ठेवून टिपण लिहिलं, 'सदर मॉस पूर्णपणे निरुपयोगी झाले असून...' आणि समिती पाहणीला यंत्रखोलीत गेली. प्लॅस्टिक उचललं. आत हिरवा गालिचा. साहेबांनी माझ्या टिपणाकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं.

"हे निरुपयोगी? मग आपण कोण?" ते म्हणाले. "सोमवारी हे माझ्या केबिनमध्ये आणून ठेवा. खिडकीपाशी."

साहेबांच्या केबिनची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तिथे बत्तीस-तेहतीस सहज होतं. त्या संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं, ट्रेवरच्या आकड्यासकट. आधी टँक फोडला, आणि आता सासूबाईंच्या हातचं मॉस माझ्याच सहीने ऑफिसजमा झालं होतं. बायकोने ट्रेबद्दल पहिल्यांदाच ऐकलं, पण माझा चेहरा पाहून तिने तो विषय पुढे ढकलला.

नानांनी खिशातला रुमाल काढला, दगड चाचपून परत ठेवला. "नोंद काय आहे? शब्द न् शब्द सांगा."

मी पाठ म्हणून दाखवली.

"उद्या मला ऑफिसात न्या," नाना म्हणाले.

शुक्रवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, भिंग खिशात टाकून आले. भांडारपालांना त्यांनी नमस्कार केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्या नोंदवहीत साठ ग्रॅम आहे म्हणे. एकदा तोलून बघाल का?"

भांडारपालांनी टपालाच्या काट्यावर कागद अंथरला. मॉस निथळवून ठेवलं. काटा एकशे सत्तरवर थांबला.

मी माणसाला इतक्या लवकर पांढरं पडताना पाहिलेलं नाही. वस्तू कमी भरली तर खुलासा देऊन सुटका होते. जास्त भरली तर ती आली कुठून, अशी चौकशी लागते, आणि वार्षिक तपासणी पंधरा दिवसांवर होती.

"एकशे दहा ग्रॅम जादा!" ते कुजबुजले. "काय करू हो मी याचं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साठा नियमावली, भाग दोन. 'नोंदीपेक्षा जादा आढळलेली वस्तू ज्याची असेल त्यास तात्काळ परत करावी.' हे वाक्यही माझंच होतं! भांडारपालांनी ते तीनदा वाचलं आणि माझा हात धरला. "घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. माझ्याकडे साठच पाहिजेत, एक काडीसुद्धा जास्त नको."

राहिले साहेब. तेही पाहायला आले होते. नाना त्यांना म्हणाले, "तुमच्या केबिनमध्ये लंबकाचं घड्याळ आहे ना? ह्या दिवसांत आठवड्याला मिनिटभर मागे पडत असेल."

साहेब थक्क झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"खोली तापते म्हणून. मॉस तिथे ठेवलंत तर पंधरा दिवसांत तपकिरी होईल. साठ ग्रॅम इथेच राहू द्या, तुम्ही इथे येऊन बघत जा. घड्याळाचं मी बघतो." नानांनी केबिनमध्ये जाऊन लंबकाखालची चकती बोटाने दोनदा फिरवली, भिंग लावून पाहिलं आणि साहेबांना सांगितलं की पुढच्या मंगळवारी पुन्हा येऊन जाईन. साहेबांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. आमच्यासाठी त्यांनी ती कधीच ओढली नव्हती.

एकशे दहा ग्रॅम ओल्या वर्तमानपत्रात घरी आलं. ट्रे ऑफिसचाच राहिला. तेव्हापासून आमच्याकडे केक कढईत होतो आणि तो का, हे प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जातं. बायकोने आईचा शिवणाचा डबा उघडला, आकाशी रीळ काढलं आणि बापलेकीने मिळून मॉस दगडावर बांधलं. मी लांबून पाहत होतो.

"नाना," मी विचारलं, "ह्यातलं जुनं कुठलं आणि नवं कुठलं, कळतं का?"

नानांनी भिंग लावून दगड सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "नाही," ते म्हणाले. "सगळं तेच आहे." आणि ते हसले. दुकान सोडल्यावर पहिल्यांदाच, तोंडभर.

शनिवारी टँक आला. टेम्पोवाला तोच. त्याने मला ओळखलं आणि टँकची आपली बाजू धरून तो उभा राहिला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटलो होतो.

"दुसरी बाजू?" तो म्हणाला.

"जावईबापू धरतील," नाना म्हणाले.

बायकोने डोळे मिटले. बाई वरच्या कठड्यावरून ओरडल्या, "सावकाश! रांगेत!" नाना पुढे उलटे चढत पायऱ्या मोजत होते. तिसऱ्या पायरीला त्यांनी आकडा जरा मोठ्याने म्हटला. चौथी आली, पाचवी आली, आणि एकविसाव्या पायरीनंतर टँक आमच्या दिवाणखान्यात टेकला, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई माशांची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत पाणी भरलं, दगड मधोमध बसला, मासे त्याच्याभोवती फिरू लागले आणि पोपट टँकवर चिकटून पंचवीस म्हणाला.

बायकोने चहा केला आणि दोन कप माझ्या हातात दिले. मी सवयीने स्वयंपाकघराच्या दारातच थांबलो. नाना उठून आले. हात पुढे केला आणि फक्त आपला कप घेतला.